संदेश आणि संकोच



दक्षिण आफ्रिकेंत मोबाइलवर पैसे उरले नसले, तरी 'मला फोन करा' एवढाच संदेश फुकट पाठवितां येतो. आपल्याकडील 'मिस्ड कॉल'चीच ही बहीण. या संदेशाच्या शेवटीं थोडी जागा मोकळी राहते. एरव्हीं तेथें जाहिराती येत. २००८ सालीं 'मासिलुलेके' या उपक्रमानें ती जागा एड्स-निवारणाच्या कामीं लावली. रोज सुमारें दहा लक्ष संदेशांबरोबर राष्ट्रीय एड्स-मदतसेवेचा दूरध्वनि-क्रमांक घरोघर जाऊं लागला. आणि जोहान्सबर्ग येथील त्या सेवेकडे येणारे फोन सुमारें तिपटीवर गेले.

फोन करणें म्हणजे तपासणी करणें नव्हे, हें खरें. परंतु तपासणीच्या वाटेंतील मोठी धोंड कोणती? सुईचें भय नव्हे. 'मला तेथें कोणी पाहिलें तर?' हें भय. जो संदेश सर्वांनाच जातो, तो कोणा एकावर संशय घेत नाहीं, आणि तो वाचणारा आपला प्रश्न एकांतांत विचारूं शकतो. या योजनेचें मर्म येथें आहे.

मात्र पुष्कळ घरांत एकच फोन चौघांच्या हातीं फिरतो. म्हणून एखाद्या व्यक्तीस तपासणीची आठवण द्यावयाची, तर तींत रोगाचें नांव नसावें. दिवस व वेळ एवढें पुरे. शिवाय फोनच्या दुसऱ्या टोकाला धीरानें ऐकणारें जाणतें माणूस हवें. तें नसेल, तर यंत्र कितीहि चतुर असो, व्यर्थ होय.

आपल्या देशांत १०९७ या क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते, आणि सरकारी केंद्रांत तपासणीहि विनामूल्य होते. २०१७ च्या कायद्यानें संमति व गुप्तता यांस संरक्षण दिलें आहे. वेळीं निदान झालें व औषधें नियमित घेतलीं, तर माणूस दीर्घकाळ धडधाकट राहतो. रक्तांतील विषाणु चांचणींत दिसेनासे झाले व तसेच राहिले, म्हणजे लैंगिक संबंधांतून दुसऱ्यास बाधा होत नाहीं. गर्भवतीस उपचार मिळाले, तर बहुधा बाळहि सुरक्षित राहतें.

एवढें सर्व हाताशीं असतां केवळ संकोचापायीं कोणी उशीर करावा, ही गोष्ट दुःखाची आहे. संदेश दारापर्यंत येईल. तो वाचून तपासणीस निघालेल्या माणसाला 'कां?' असें न विचारतां 'मी बरोबर येऊं का?' असें विचारणें, हें मात्र आपणां घरच्या मंडळींचें काम आहे.