खांद्यावरची लहान पिशवी



इटियाडोहचा तलाव भरला आणि सांडव्यावरून पाणी कोसळायला लागलं की अर्जुनी मोरगावकडून, वडशाकडून, साकोलीकडून गाड्या गोठणगावच्या रस्त्याला लागतात. गाढवी नदीवरचं हे मातीचं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. लांबी ५०५ मीटर, उंची तिसेक मीटर. त्याचं पाणी गोंदियाच्याच नव्हे, भंडारा-गडचिरोलीच्या धानालाही मिळतं. पण सांडव्यावर आलेल्या माणसाला त्या दिवशी धानाचं काही पडलेलं नसतं. त्याला फोटो हवा असतो. तिथे जरा बाजूला उभं राहून बघा. बहुतेकांच्या हातात मोबाइल. एखाद-दुसऱ्याच्या पाठीवर मात्र कॅमेऱ्याची भली मोठी सॅक असते. ती खाली ठेवायला कोरडी जागा सापडत नाही. सापडली की दोन्ही खांदे सोडवायचे, बक्कल काढायचं, चेन उघडायची, लेन्स जोडायची. तोवर पाण्यात उड्या मारणारी पोरं कपडे घालून वडे खायला गेलेली असतात. आणि ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा आहे असे कितीतरी लोक तो घरीच ठेवून येतात, कारण एवढं लचांड कोण उचलणार?

मला आज बोलायचं आहे ते भली मोठी सॅक आणि घरी राहिलेला कॅमेरा या दोन्हींच्या मधल्या वस्तूबद्दल. रोज खांद्याला लावता येईल, दिसायलाही नीटस असेल, अशी कॅमेऱ्याची लहान पिशवी. माझं म्हणणं थोडक्यात असं की ही पिशवी घेताना आपण काय नेणार ते ठरवायचं नसतं, काय घरी ठेवणार ते ठरवायचं असतं. दुकानात उभा असलेला माणूस नेमका याच्या उलट विचार करतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात त्याला कारणही आहे. इथे कॅमेरा म्हटला की वाघ नाही तर पक्षी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला, पण पक्षी बघायला लोक त्याच्या कितीतरी आधीपासून नवेगावबांधच्या तलावावर येतात. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत तिथे वर्षं काढली आणि मग पुस्तकांतून तो तलाव घराघरांत पोचवला. शिवाय सारस. महाराष्ट्रात तो आता बघायला मिळतो तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या धानशेतांत. सारसाच्या जोडीला लांबून टिपायचं तर सहाशे मिलिमीटरची लेन्स लागते, आणि अशी लेन्स एकटीच दोन किलोच्या घरात जाते. तिला मोठी सॅकच हवी. तो वेगळा संसार आहे, आज त्यात शिरत नाही.

पण वाघ आणि सारस सोडून जे उरतं ते केवढं आहे! आषाढातली रोवणी, चिखलाने माखलेल्या पोटऱ्या. बोडीवर जाळं झाडणारे ढिवर. गोठणगावचा तिबेटी कॅम्प. १९७२ पासूनची ही वसाहत, नाव नोर्ग्येलिंग. तिथल्या पताका, गालिच्यांचं विणकाम, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या. आणि दिवाळीनंतर गावोगावची मंडई, दंडार, रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक. यातल्या कशालाही दोन किलोची लेन्स लागत नाही. लागतो तो खांद्यावर आधीच असलेला कॅमेरा.

या लहान पिशवीची वंशावळ मोठी गमतीची आहे. इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम या गृहस्थाने १९७३ मध्ये पिशव्या शिवायला सुरुवात केली ती गळ टाकून मासे पकडणाऱ्यांसाठी. जाड कॅनव्हास, चामड्याचे पट्टे, वरून झाकण, पाऊस आत येणार नाही अशी बांधणी. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमध्ये या पिशव्या मासे पकडणारे घेत नाहीत, फोटोग्राफर घेताहेत! मग त्यांनी कॅमेऱ्याचीच पिशवी शिवायला घेतली. साधारण त्याच काळात अमेरिकेत फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोम्की यांनी स्वतःच्या गरजेपोटी एक कॅनव्हासची पिशवी तयार करून घेतली. त्या वेळी कॅमेऱ्याच्या बॅगा म्हणजे कडक पेट्याच असायच्या. डोम्कींची पिशवी मऊ होती, अंगाला बिलगायची, आणि पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असल्याने खांद्यावरून घसरत नसे. पाण्याकाठी उभं राहायचं, एक हात गुंतलेला, दुसऱ्या हाताने न बघता हवी ती वस्तू काढायची, ही गळवाल्याची अडचण आणि फोटोवाल्याचीही. आपल्या ढिवराला हे कोणी शिकवायला नको.

कॅमेऱ्याचं सामान वाहण्याचं त्याच्याही आधीचं एक उदाहरण सांगतो. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९४० च्या दशकात दिल्लीत त्या साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं जड सामान घेऊन फिरत. त्या काळचा प्रेसचा कॅमेरा आणि त्याचे फ्लॅशचे दिवे बघितले, तर आजच्या आपल्या तक्रारी जरा लाडाच्या वाटतात.

आता आकाराकडे येऊ. कॅमेरा घेऊन दुकानात जा. रिकाम्या हाताने बॅग घ्यायला जाणं म्हणजे पाय घरी ठेवून चप्पल आणायला जाणं. कॅमेऱ्याला तुम्ही रोज वापरता तीच लेन्स लावा आणि तशी जोडी सरळ आत जाते का बघा. तिच्या शेजारी आणखी एक छोटी लेन्स, एक जादा बॅटरी, मेमरी कार्ड, पुसायचं फडकं, किल्ल्या, पैसे. संपलं. पाच-सहा लिटरच्या पिशवीत एवढं आरामात बसतं. आजचे बिनआरशाचे छोटे कॅमेरे साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमचे, पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स दीड-पावणेदोनशे ग्रॅमची. पिशवीसकट सगळं दीड किलोच्या आत राहिलं तर तुम्ही ती रोज न्याल. दोन-अडीच किलोवर गेलं की पहिले आठ दिवस न्याल, मग ती खुंटीला लटकेल.

दुकानदार म्हणेल, साहेब, एक नंबर मोठी घ्या, उद्या लेन्स घेतली तर? ऐकू नका. रिकामी जागा भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आज त्या जागेत फ्लॅश जाईल, उद्या ट्रायपॉडची पट्टी, परवा कुणाच्या तरी घरचा डबा. मात्र पाण्याच्या बाटलीला आत जागा देऊ नका, हे मी जरा हट्टाने सांगतो. बाटली बाहेरच्या कप्प्यात, नाही तर हातात. कॅमेऱ्याच्या शेजारी झाकण सैल झालेली बाटली हा प्रसंग कुणावरही येऊ नये.

खरी परीक्षा आपली हवा घेते. विलायतेतल्या पिशव्यांचं पुष्कळ कौतुक होतं, त्यांतल्या काही मेण लावलेल्या सुती कापडाच्या असतात. तिकडच्या भुरभुर पावसात त्या शोभतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की ते मेण मऊ पडतं, शर्टाला लागतं, आणि वरून धूळ चिकटते. गडद पण कच्च्या रंगाचं कापड घामाने ओलं झालं की पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा पट्टा उमटतो. घेण्याआधी ओल्या रुमालाने कापड चोळून बघा, दुकानदार काय म्हणेल याची पर्वा करू नका.

पावसाळा त्याहून वाईट. नुसता पाऊस नव्हे, दमटपणा. आपल्या भागात आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता सतत वर असते, आणि साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर ती दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ती एकदा काचेच्या थराला लागली की पुसून जात नाही. म्हणून एक लक्षात ठेवा: पिशवी ही बाहेर नेण्याची वस्तू आहे, साठवणीची नव्हे. घरी आलात की कॅमेरा बाहेर काढा, पिशवी पंख्याखाली उघडी ठेवा, आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दाण्यांचा रंग बदलला म्हणजे त्यांनी पाणी प्यायलं. ते पुन्हा गरम करून वाळवता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाची कढई त्यासाठी घेऊ नका. चामड्याचं कव्हर दिसतं छान, पण ओल धरतं. पावसाळाभर लेन्स त्यात कोंडून ठेवू नये.

आणि अस्तर तपासा. स्वस्त बॅगांच्या आतून जो चकचकीत लेप असतो आणि जो फोम भरलेला असतो, तो बहुधा पॉलियुरेथेनचा. दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, खपल्या पडतात, आणि ती भुकटी जाते थेट कॅमेऱ्यात. आठ-दहा वर्षांपूर्वीची बॅग कपाटात पडली असेल तर वापरण्याआधी आत बोट फिरवून बघा.

बंद करायची तऱ्हा कोणती? इथे माझा वेल्क्रोवर राग आहे. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस माणसाला ती कल्पना सुचली म्हणे रानातून फिरून आल्यावर, कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं बघून. रानातून आलेली वस्तू, पण रानात तिच्याइतकी आगाऊ वस्तू नाही. तलावाच्या काठावर, दाट पाणवनस्पतींत जांभळी पाणकोंबडी दहा पावलांवर यावी आणि तुम्ही झाकण उघडताना खर्रर्र करून आवाज व्हावा! नाटकाच्या मंडपात गंभीर प्रवेश चालू असताना तर आजूबाजूचे दहा जण वळून बघतात. धातूची कडी, टिचबटण, लोहचुंबकाचं बटण, काहीही चालेल. वरून झाकण आणि त्याखाली चेन असेल तर उत्तम. मंडईच्या गर्दीत चेन लावायची, निवांत जागी नुसतं झाकण टाकायचं. चेन दोन्ही बाजूंना मागेपुढे करून बघा. कोपऱ्यात अडत असेल तर ती अडतच राहणार.

पट्टा निदान तीन बोटं रुंद हवा आणि तिरपा घालता येईल इतका लांब. ओढणी घेणाऱ्या, साडी नेसणाऱ्या बायकांनी पट्ट्याच्या कड्यांवर हात फिरवून बघावा. धारदार कडी असेल तर धागे उपसले जातात. मोटारसायकलवर पिशवी पुढे, पोटाशी घ्या. हँडलला लटकवू नका, डिकीत तर मुळीच नको. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. सततच्या थरथरीने लेन्समधले बारीक स्क्रू सैल होतात. अंगावर असलेली पिशवी तो धक्का पुष्कळसा झेलते.

राहिला देखणेपणा. त्याला कमी लेखायचं कारण नाही. जी पिशवी आवडते ती माणूस रोज घेतो. पण माझ्या मते कॅमेऱ्याच्या पिशवीचा देखणेपणा तिच्या अबोलपणात आहे. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत, पिवळी पट्टी, सगळीकडून लोंबणारे बंद, असं काही अंगावर असलं की बाजारातला माणूस तुमच्याकडे बघून सावध होतो. तुम्ही पाहुणे होत नाही, फोटोवाले होता. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचे ते याचसाठी. मातकट, खाकी, पिकल्या पानाचा रंग घ्या. काळा रंग उन्हात तापतो आणि आतला कॅमेराही तापवतो.

आणि खिशाचा प्रश्न असेल तर विलायती पिशवीसाठी वीस हजारांच्या वर घालवायची गरजच नाही. बाजारात नुसता आतला कप्पा मिळतो, मऊ गादीचा, मध्ये सरकवता येणारा पडदा असलेला. तो घ्या आणि तुम्हाला आवडेल त्या पिशवीत बसवा. आपली शबनम घ्या, कॅनव्हासची झोळी घ्या. तोही महाग वाटला तर गावातला बॅगा शिवणारा करून देतो. पॅकिंगला येतो तो पांढरा लवचीक फोम बोटाच्या जाडीचा घ्या, दोन्ही बाजूंनी मऊ फलाटीन, तळाला दुहेरी थर, कारण खाली ठेवताना आपटतो तो तळच. बाहेरून जाड कॅनव्हास आणि झाकणाच्या आत ताडपत्रीचा एक तुकडा. नटायचंच असेल तर पट्ट्यावर हौस करा. तिबेटी बायका कमरेला बांधतात त्या पांगदेनच्या आडव्या रंगीत पट्ट्या बघा, किंवा भंडाऱ्याच्या कोशाचा काठ. पिशवी साधी आणि पट्टा रंगीत, ही जोडी खांद्यावर फार खुलते.

फक्त शिवायला टाकायची असेल तर पोळा झाला की लगेच टाका. दसरा जवळ आला की कारागीर दिवाळीच्या कामात बुडतो, आणि मग मंडई आटोपेपर्यंत तो काही तुमच्या हाती लागत नाही.