भाड्याचा सर्व्हर आणि स्वतःचा व्हीपीएन : उपयोग व मर्यादा
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत कार्यकर्त्यांच्या बोलण्यात व्हीपीएन हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. मोबाइलवर एखादे फुकट ॲप उतरवून घ्यावयाचे आणि पडद्यावर कुलपाचे चित्र दिसले की निश्चिंत व्हावयाचे, अशी त्याबाबतची सर्वसाधारण समजूत आहे. थोडे अधिक जाणकार असलेले कॉम्रेड सांगतात की, फुकट ॲपवर विसंबू नये. दरमहा चारपाच डॉलर भाडे भरून एखाद्या कंपनीकडून स्वतंत्र सर्व्हर घ्यावा आणि त्यावर स्वतःचा व्हीपीएन उभारावा. हा सल्ला निःसंशय अधिक चांगला आहे. तथापि त्याने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे तपासल्यावाचून तो स्वीकारणे धोक्याचे आहे. कारण आपण सुरक्षित आहोत अशी खोटी भावना झाली की मनुष्य एरवी लिहिला नसता तो मजकूर लिहितो आणि एरवी पाठविली नसती ती यादी पाठवितो.

फुकट ॲपचा प्रश्न प्रथम निकालात काढणे इष्ट आहे. ओनाव्हो नावाची कंपनी फेसबुकने २०१३ साली विकत घेतली. तिचे फुकट व्हीपीएन ॲप माहितीचे रक्षण करते, अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात फोनचा मालक दुसरी कोणती ॲप किती वेळ वापरतो, याची माहिती त्याच वाटेने फेसबुककडे जात होती. २०१८ साली ॲपलच्या दुकानातून ते हटले, २०१९ साली बंद झाले आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने या फसवणुकीबद्दल मेटाच्या दोन उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. जेथे पैसे घेतले जात नाहीत तेथे सेवेचा खर्च कशातून भागविला जातो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातला आहे. तो ॲपच्या बाबतीतही विचारला गेला पाहिजे.

आता व्हीपीएनचे कार्य कसे चालते ते पाहू. फोनमधून निघालेली माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने प्रवास करते. ही पाकिटे प्रथम इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या हाती पडतात. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार सांकेतिक रूपात असल्याने पाकिटातील मजकूर कंपनीला वाचता येत नाही. परंतु पाकीट कोणाकडे चालले आहे ते बहुधा दिसते. कोणते संकेतस्थळ, किती वाजता, किती वेळ, एवढे कळले तरी एखाद्या संघटकाची दिनचर्या उभी राहते. व्हीपीएनमध्ये ही सारी पाकिटे दुसऱ्या एका बंद पाकिटात घालून एकाच ठिकाणी, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरकडे, पाठविली जातात. तेथे बाहेरचे पाकीट फोडून आतले पाकीट पुढे रवाना होते, आणि ज्याच्याकडे ते पोहोचते त्याला पाठविणारा म्हणून त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो.

याचा अर्थ असा की, जी नजर पूर्वी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची होती ती आता सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीची झाली. नजर नाहीशी झाली नाही, तिची जागा बदलली. या विषयातील सारे काही या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

‘क्लाउड’ या शब्दाने निष्कारण गूढ निर्माण केले आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोली या भागात, जेथे एकेकाळी कारखान्यांच्या पाळ्यांचे भोंगे वाजत, तेथे आज डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. समुद्राखालून आलेल्या अनेक तारा मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लागतात. भाड्याचा सर्व्हर म्हणजे अशाच एखाद्या इमारतीतील यंत्राचा एक कप्पा. एकाच यंत्राचे पुष्कळ कप्पे पाडून ते निरनिराळ्या भाडेकरूंना दिलेले असतात. कप्प्याच्या आतील व्यवस्था भाडेकरू करतो. इमारत, यंत्र, वीज आणि मुख्य किल्ली मालकाची असते. कप्प्याच्या डिस्कची संपूर्ण नक्कल मालकाला भाडेकरूच्या नकळत घेता येते. चालू स्मृतीचीही घेता येते. आतून कितीही कुलपे लावली तरी ही वस्तुस्थिती बदलत नाही.

उभारणीचे काम मात्र अवघड राहिलेले नाही. पूर्वी ओपनव्हीपीएन ही प्रणाली प्रचारात होती आणि ती बसविणे किचकट होते. जेसन डोनेनफेल्ड यांनी तयार केलेली वायरगार्ड ही प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिचा मूळ संकेत सुमारे ४ हजार ओळींचा आहे, म्हणजे जाणकाराला तो आरंभापासून अखेरपर्यंत तपासता येतो. ती मुक्त आहे, तिला परवाना शुल्क नाही. जगभरच्या कामगिरांनी एकत्र बांधलेल्या लिनक्सवर ती चालते, आणि भाडे घेणाऱ्या बड्या कंपन्यांचा डोलाराही त्याच लिनक्सवर उभा आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

सर्व्हर हाती येताच पहिले काम व्हीपीएनचे नव्हे. सार्वजनिक पत्ता मिळालेल्या कोणत्याही यंत्रावर थोड्याच वेळात जगभरातून स्वयंचलित प्रोग्राम परवलीचे शब्द आजमावू लागतात. म्हणून परवलीच्या शब्दाने प्रवेश सर्वस्वी बंद करावा आणि केवळ किल्लीच्या जोडीने प्रवेश ठेवावा. सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी. फायरवॉलमध्ये दोनच दारे उघडी ठेवावीत : एक व्यवस्थापनासाठी आणि दुसरे वायरगार्डसाठी, जे रिवाजाने ५१८२० क्रमांकाचे यूडीपी दार असते.

त्यानंतर किल्ल्यांचा प्रश्न येतो. प्रत्येक यंत्रासाठी दोन किल्ल्या तयार होतात, एक गुप्त आणि एक जाहीर. जाहीर किल्ली दुसऱ्या बाजूला द्यावयाची असते, गुप्त किल्ली त्या यंत्राबाहेर कधीही जाता कामा नये. प्रत्यक्षात येथेच ढिलाई होते. सोयीसाठी एकजण साऱ्यांच्या किल्ल्या आपल्याच संगणकावर तयार करतो आणि व्हॉट्सॲपवर वाटून टाकतो. मग त्या गुप्त कशा राहणार? ज्याच्या फोनची किल्ली त्याच्याच फोनवर तयार व्हावी आणि प्रत्येक फोनला स्वतंत्र किल्ली असावी, म्हणजे एक फोन हरवला किंवा जप्त झाला तर सर्व्हरवरून तेवढीच नोंद काढून टाकता येते. वायरगार्ड दर दोन मिनिटांच्या सुमारास संभाषणाच्या तात्पुरत्या किल्ल्या बदलते. त्यामुळे आजची गुप्त किल्ली उद्या कोणाच्या हाती पडली तरी कालची साठवून ठेवलेली पाकिटे तिने उघडत नाहीत.

सर्व्हरवर पाकिटे पुढे पाठविण्याची परवानगी चालू करावी लागते आणि पाठविताना पत्ता बदलण्याचा नियम लिहावा लागतो. हे विसरल्यास जोडणी झालेली दिसते, पण एकही पान उघडत नाही. अखेरीस तपासणी. संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून देणारी डीएनएसची विचारणा जुन्याच कंपनीकडे जात असेल, किंवा नव्या सहाव्या आवृत्तीचे आयपी पत्ते व्हीपीएनच्या बाहेरून धावत असतील, तर साऱ्या खटाटोपाचा उपयोग अर्ध्यावर येतो. अनेकांचे तसेच होते, कारण कुलपाचे चित्र तरीही दिसतच असते.

एवढे सारे बिनचूक केल्यावर कार्यकर्ता अनामिक झाला काय? मुळीच नाही. उलट एका अर्थाने तो अधिक ठळक झाला. व्यापारी व्हीपीएनच्या एका पत्त्यावरून अनोळखी माणसांचा मोठा समुदाय बाहेर पडत असतो. त्यातील कोण कोणता, हे बाहेरून सांगणे कठीण जाते. स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता एकट्याचा असतो. महिनोन् महिने तो बदलत नाही आणि त्याचे भाडे कोणाच्या तरी नावाच्या कार्डावरून भरलेले असते. खासगीपणा आणि अनामिकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणारा सल्ला कितीही सद्भावनेने दिला तरी घातकच ठरतो.

भारतात या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. व्हीपीएन वापरण्यावर देशभर बंदी नाही. परंतु केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब खाली निर्देश काढले. डेटा सेंटर, भाड्याने सर्व्हर देणाऱ्या, क्लाउड आणि व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, फोन, भाड्याचा कालावधी, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण यांची नोंद ठेवावी, आणि ग्राहक सोडून गेल्यावरही ती ५ वर्षे जपावी, असे त्यात म्हटले आहे. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्क यांनी २०२२ सालीच भारतातील आपले सर्व्हर हलविले. तेव्हा नवी मुंबईतील कप्पा भाड्याने घेणाऱ्याने हे गृहीत धरले पाहिजे की, तो कप्पा कोणाचा, ही नोंद तयार आहे. आणखी एक परिणाम कमी लक्षात घेतला जातो. भाडेकरू एक आणि वापरणारे वीस अशी स्थिती असेल तर वीसजणांपैकी कोणीही केलेल्या कृत्याचा माग त्या एकाच्या दारात येऊन थांबतो. ज्याच्या नावे कार्ड आहे त्या कॉम्रेडवर हे ओझे विचारविनिमयाशिवाय टाकणे योग्य नव्हे.

ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेट बंद झाले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी ग्राह्य नाही असे म्हटले. त्यानंतर मंद गतीची सेवा आली, तीही सरकारने मंजूर केलेल्या संकेतस्थळांपुरती. लोक व्हीपीएनकडे वळले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पोलिसांनी व्हीपीएनद्वारे समाजमाध्यमांचा गैरवापर झाल्याचे सांगून यूएपीएसारख्या कठोर कायद्याखाली गुन्हा नोंदविला. याच देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता. तांत्रिकदृष्ट्याही येथे एक धडा आहे. वायरगार्ड मजकूर झाकते, स्वतःचे अस्तित्व झाकत नाही. तिचे पहिले पाकीट नेमक्या १४८ बाइटचे असते आणि ते ओळखणाऱ्याला सहज ओळखू येते. व्हीपीएन वापरणेच संशयास्पद ठरविले जाते अशा ठिकाणी ती वापरणारा दिसून येतो.

दुसरी मर्यादा त्याहून गंभीर आहे. भीमा कोरेगाव खटल्यात एका आरोपीच्या संगणकाची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. ईमेलमधून आलेल्या फाइलद्वारे त्या संगणकात हेरगिरीचा प्रोग्राम शिरला, सुमारे २२ महिने बाहेरच्या कोणाचा तरी त्यावर ताबा होता आणि पुरावा म्हणून पुढे आलेली पत्रे त्याच वाटेने त्यात ठेवली गेली, असा निष्कर्ष तिच्या फेब्रुवारी २०२१ मधील अहवालात आहे. अशा हल्ल्यापुढे जगातील कोणताही व्हीपीएन निरुपयोगी आहे. व्हीपीएन रस्त्याचे रक्षण करतो. शत्रू घरात बसलेला असेल तर रस्त्यावरील पहाऱ्याचा काय उपयोग? अनोळखी जोडपत्र न उघडणे, फोन आणि संगणक अद्ययावत ठेवणे, डिस्क सांकेतिक रूपात ठेवणे आणि संदेशांसाठी दोन्ही टोकांपर्यंत सांकेतिक राहणारे साधन वापरणे, ही कामे व्हीपीएनच्या आधीची आहेत. ज्या कार्यालयात ती झालेली नाहीत तेथे सर्व्हरचे भाडे भरण्याची घाई करू नये.

मग हा खर्च करावाच का? एका कामासाठी तो खरोखर सार्थ आहे, आणि त्या कामाची चर्चा सर्वांत कमी होते. समजा, सोलापुरातील एखाद्या कामगार संघटनेचे सभासद रजिस्टर आणि वर्गणीचे हिशेब कार्यालयातील संगणकावर आहेत, आणि सरचिटणीस अधिवेशनासाठी दिल्लीस गेले आहेत. बहुसंख्य घरगुती व मोबाइल जोडण्यांना आज स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. एकाच पत्त्यामागे कंपनी असंख्य ग्राहक बसविते. त्यामुळे दिल्लीहून सोलापूरच्या संगणकापर्यंत थेट पोहोचता येत नाही, आणि मग सारे रजिस्टर कोठल्या तरी परदेशी कंपनीच्या फुकट साठवणीत टाकले जाते. भाड्याचा लहानसा सर्व्हर येथे दोघांच्या भेटीचे ठिकाण बनतो. कार्यालयाचा संगणक आतून बाहेर त्याच्याशी जोडणी करतो, ती तुटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक पाकीट पाठवीत राहतो आणि सरचिटणिसांचा फोन त्याच सर्व्हरमार्फत त्याला गाठतो. या मांडणीत साऱ्या जगाची वाहतूक सर्व्हरवरून न्यावयाची नसते. केवळ संघटनेच्या आतील पत्ते त्यात लिहावयाचे असतात. रजिस्टर सोलापुरातच राहते. मधल्या ठिकाणी बाहेरचे पाकीट फोडले जात असल्याने कार्यालयाच्या संगणकावरील सेवाही स्वतंत्रपणे सांकेतिक ठेवावी, म्हणजे कप्प्याचा मालक आत डोकावला तरी त्याला पत्त्यांपलीकडे काही मिळणार नाही.

रेल्वे स्थानकावरील किंवा लॉजमधील मोफत वायफाय वापरताना तोच सर्व्हर साऱ्या वाहतुकीसाठी वापरावा. तेथे जवळच्या नजरेपेक्षा दूरची नजर बरी. वृत्तपत्राच्या कामासाठी फिरणाऱ्यांना याचा विशेष उपयोग आहे.

सर्व्हर कोणाच्या नावे आहे, भाडे केव्हा देय आहे आणि किल्ल्यांची यादी कोणाकडे आहे, हे किमान दोघा जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावे. अन्यथा एकाची बदली झाली की व्यवस्था बेवारस होते, सुधारणा बसेनाशा होतात आणि कोणी तरी परका त्या यंत्रात शिरतो. कप्पा सोडताना त्यातील किल्ल्या व फाइली पुसून मगच तो परत करावा आणि प्रत्येक फोनमधील जुनी नोंद त्याच दिवशी काढून टाकावी. मोकळा झालेला आयपी पत्ता कंपनी पुढच्या भाडेकरूला देते, आणि नोंद राहिलेले फोन त्या पत्त्याचे दार ठोठावीत राहतात.