यंत्रातला राखणदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एन्नोर येथील कुटुंबमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा इतिहास सांगावा, संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे आणि अखेरीस मराठी भाषेच्या भवितव्याविषयी काळजी व्यक्त करावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आमच्या वाट्याला चिटणीसांनी जो विषय दिला तो ‘तंत्रज्ञान, शिक्षण आणि आपले दैनंदिन जीवन’ हा. आम्ही बी. ए. झालेले, उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेलेले. तंत्रज्ञानावर आम्ही बोलणे म्हणजे सोवळ्यातल्या भटजींनी मासळीच्या भावावर बोलण्यासारखे आहे. तथापि आमचा एक भाचा या क्षेत्रात अभियंता आहे. त्याचे काम काय, हे त्याच्याकडून समजून घेता घेता आमच्या मनात जे विचार आले, ते आपल्यापुढे मांडण्याची परवानगी असावी.

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पडदा आणि कळफलक येतो. भाचा म्हणतो, “मामा, तुम्हांला दिसतो तो संगणक म्हणजे या जातीतला अल्पसंख्य. बहुसंख्य संगणक यंत्रांच्या पोटात दडलेले असतात, आणि त्यांना संगणक म्हणून कोणी ओळखतही नाही.” हे त्याचे म्हणणे आम्ही घरात हिंडून पडताळून पाहिले. कपडे धुण्याचे यंत्र, मायक्रोवेव्ह, विजेचे नवे मीटर, इमारतीची लिफ्ट, आमचा रक्तदाब मोजणारे यंत्र, इतक्या ठिकाणी एकेक नखाएवढी चकती बसलेली आहे. बाहेरील उष्णता, दाब किंवा वेग तिला संवेदक कळवतो; ती आपल्या आज्ञावलीप्रमाणे निर्णय घेते; आणि मग एखादी झडप उघडते किंवा मोटार थांबते. आपल्या एन्नोरच्या कारखान्यातून ट्रकची जी इंजिने बाहेर पडतात, त्यांतही डिझेल किती आणि नेमके कोणत्या क्षणी सोडायचे हे आज असाच एक संगणक ठरवतो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळणे आता निव्वळ मिस्त्रीच्या कानाच्या अंदाजावर शक्य राहिलेले नाही.

या चकतीचे आणि आपल्या मंडळाचे वयही जवळजवळ सारखेच आहे. इंटेल कंपनीने एका जपानी गणकयंत्रासाठी तयार केलेला ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला तो १९७१ साली. त्याच सुमारास इकडे एन्नोरच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच एकामागून एक सुरू होत होते. ते केंद्र २०१७ साली बंद पडले. ती चकती मात्र घरोघर पोहोचली.

तिच्याही आधीचे एक उदाहरण मोठे बोधप्रद आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या यानातही असाच एक संगणक होता. त्याची स्थायी स्मृती कारखान्यातल्या स्त्रियांनी हातांनी विणलेली होती. तांब्याची तार बारीक चुंबकी कड्यातून ओवली की ‘एक’ आणि बाहेरून नेली की ‘शून्य’, अशी ती वीण. त्याची सारी स्मृती मिळूनही आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्राला पुरणार नाही. चंद्रावर उतरण्यास काही मिनिटे उरली असता या संगणकावर कामाचा बोजा अतोनात वाढला आणि त्याने १२०२ क्रमांकाचा धोक्याचा इशारा दिला. परंतु तो बंद पडला नाही. कोणते काम आधी आणि कोणते मागे ठेवले तरी चालेल, याचा क्रम त्याच्या आज्ञावलीत अगोदरच लावून ठेवलेला होता. त्याने गौण कामे टाकून दिली आणि यान उतरविण्याचे काम तेवढे चालू ठेवले. ही बुद्धी यंत्राची नव्हे. संकट येण्यापूर्वी, शांत डोक्याने, संकटाचा विचार करून ठेवणाऱ्या माणसांची ती बुद्धी होती.

भाच्याच्या विद्येतला एक नियम आम्हांस विशेष मननीय वाटला. त्याच्या शास्त्रात बरोबर उत्तर उशिरा आले तर ते चूकच समजतात. मोटारीची टक्कर झाल्यावर छातीपुढची हवेची पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगली पाहिजे. मागाहून फुगली तर तिचा उपयोग काय? आम्हा सरकारी नोकरांना हा नियम ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. ‘विलंबाने का होईना, पण निर्णय अचूक’ यातच आमच्याकडे समाधान मानले जाते.

या नियमाची किंमत या किनाऱ्याला चांगली ठाऊक आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रानजीक समुद्रतळ हादरला. जगभरच्या भूकंपमापकांनी ती नोंद काही मिनिटांतच केली. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाटा आल्या त्या त्यानंतर दोन तासांहून अधिक काळाने. म्हणजे वेळ होता आणि विद्याही होती. जगाच्या एका टोकाला असलेली ती माहिती वाळूवर जाळी नीट करीत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचविण्याची वाट मात्र कोणी बांधलेली नव्हती. ती वाट पुढे बांधली गेली. हैदराबादेस २००७ साली त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. भर समुद्रात, कित्येक किलोमीटर पाण्याखाली, तळाशी दाबमापक यंत्रे ठेवण्यात आली. आणि या कामात आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. तळाचे यंत्र ध्वनिलहरींनी वरच्या बोयाला सांगते, बोया उपग्रहाला सांगतो आणि उपग्रह किनाऱ्याला. ते एरवी ठरावीक अंतराने खुशाली कळवते, आणि पाण्यात काही विपरीत जाणवताच भराभर निरोप धाडू लागते. अथांग काळोखात एकटाच जागा असलेला हा पहारेकरी मनात आणला की आम्हांस गहिवरून येते.

पण मंडळी, हे सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. त्याच तारखेला, २६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, आपल्या या एन्नोरमध्ये काय घडले ते येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी अनुभवले आहे. जहाजातून खत कारखान्याकडे जाणाऱ्या, समुद्राखालून टाकलेल्या नळातून अमोनिया बाहेर पडला. पेरियकुप्पम आणि आसपासच्या वस्त्यांतली माणसे खोकत, डोळे चोळत, लेकरे काखोटीला मारून अंधारात रस्त्यावर आली. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या पुष्कळांना पहिली सूचना दिली ती त्यांच्याच नाकाने आणि डोळ्यांनी. सुमात्राचा हादरा टिपणारे यंत्र हजारो मीटर खोल जागे आहे. पण कुंपणापलीकडे झोपलेल्या शेजाऱ्याला वेळेवर उठविण्याची व्यवस्था अजून आपल्याला साधावयाची आहे.

जानेवारी २०१७ मध्येही असेच घडले. २८ तारखेच्या पहाटे बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. आपण कोठे आहोत हे आसपासच्या जहाजांना अखंड सांगत राहणारी यंत्रे अशा जहाजांवर असतात. टक्कर का झाली, हा तपास करणाऱ्यांचा विषय. आम्ही फक्त पुढचे दृश्य आठवून देतो. किनाऱ्यावर तेलाचा काळा लगदा आला, तेव्हा तो काढण्यासाठी शेकडो माणसे हातांत बादल्या घेऊन उभी राहिली. उपग्रहाच्या युगात अखेर उपयोगी पडली ती बादली आणि ती उचलणारा हात. यात तंत्रज्ञानाची कुचेष्टा नाही. यंत्र जेथे संपते तेथून पुढचे काम कोणाचे, हे आधी ठरलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच शिक्षणाविषयी दोन शब्द. आपली मुले यंत्रे वापरण्यात आपल्याहून कितीतरी तरबेज आहेत, याचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु बटण दाबता येणे वेगळे, आणि बटणामागे काय घडते याचे कुतूहल असणे वेगळे. मराठी माणसाला दुसऱ्या प्रकारची परंपरा आहे, आणि तिचे एक पीठ याच तमिळभूमीत होते. तंजावरचे सरफोजी महाराज १७९८ साली गादीवर आले. इंग्रजांनी पुढच्याच वर्षी त्यांचा राज्यकारभार काढून घेतला. उरलेले आयुष्य त्यांनी विद्येला वाहिले. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, नेत्ररोग्यांच्या चिकित्सेच्या सचित्र नोंदी करवून घेतल्या, आणि पुण्यामुंबईच्याही आधी, १८०५ च्या सुमारास, तंजावरास देवनागरी मुद्रणालय चालविले. नवे यंत्र नुसते आणून त्यांनी भागविले नाही. ते आपल्या लिपीत बोलते केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाचे (मेकॅनिकल ड्रॉइंगचे) शिक्षक होते. यंत्रविद्या त्यांनी पुस्तके वाचून आणि यंत्रे खोलून हस्तगत केली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. तेव्हा त्यांनी नांगराइतकीच चिकाटी शेतकऱ्याची समजूत घालण्यात दाखविली. १९१० साली उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या दुहेरी चिकाटीतून.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. या दडलेल्या संगणकांत एक लहानसे घड्याळ असते. इंग्रजीत त्याला वॉचडॉग म्हणतात, आम्ही त्याला राखणदार म्हणू. मुख्य आज्ञावलीने ठरावीक अवधीत या राखणदाराला ‘मी जागा आहे’ असे कळवावयाचे, असा दंडक असतो. कळविले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. ती खूण आली नाही, तर आज्ञावली कोठेतरी अडकली आहे असे समजून राखणदार सारे यंत्र नव्याने सुरू करतो. या योजनेतली मेख अशी की, संकटात सापडलेल्याने हाक मारावी अशी अपेक्षाच येथे ठेवलेली नाही. जो अडकला तो हाक कशी मारणार? नेहमीची खूण चुकली, हीच हाक समजावयाची.

हे ऐकले आणि आम्हांस आपली मंडळी दिसू लागली. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ काढले, ते तेव्हा नोकरीनिमित्त आलेले तरुण होते. आज त्यांच्यातले जे आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत. मुले बंगळूरला, पुण्याला, अमेरिकेत. काही घरांत दोघे उरले आहेत, काहींत एकटेच कोणी. मुलगा रविवारी न चुकता फोन करतो. पण सोमवारी न्हाणीघरात पाय घसरला तर रविवार फार लांब असतो. बरोबर उत्तर, पण उशिरा!

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी : एकट्यादुकट्या राहणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या सभासदाने रोज सकाळी नऊच्या आत ठरलेल्या एका घरी फोनची एक घंटा द्यावी. बोलण्याचीही आवश्यकता नाही. नऊपर्यंत घंटा आली नाही, तर त्या घरच्या माणसाने चौकशीचा फोन करीत न बसता सरळ जाऊन दार ठोठवावे. दाराची जादा किल्ली कोणाकडे आहे, हेही आधी ठरवून ठेवावे. याला निधी नको, समिती नको. शेजारच्या तमिळ कुटुंबालाही यात आनंदाने गोवता येईल.

दुसरी सूचना : एन्नोर परिसरातल्या प्रत्येक सभासदाच्या दाराआड मराठी व तमिळ अशा दोन्ही भाषांत एक कागद लावावा. वायूचा उग्र वास आला तर नाकातोंडावर ओले फडके धरावे. वाऱ्याबरोबर धावू नये, वाऱ्याला आडवे होऊन वस्तीबाहेर पडावे. ११२ क्रमांकाला फोन करावा. आणि वाटेत कोणाकोणाची दारे ठोठवावयाची, त्यांची नावे. हा कागद मंडळातल्या शाळकरी मुलांनी तयार करावा. माहिती त्यांनीच विचारून मिळवावी आणि वारा कोठून वाहतो हे गच्चीवर जाऊन पाहावे. यंत्रापाठीमागचे कारण शोधण्याची सवय त्यांना लागेल ती अशा कामांतून.

समुद्राच्या तळाशी यंत्र जागे राहते, कारण ते जागे राहावे असे कोणा माणसाला वाटले. तेवढी आस्था आपण एकमेकांविषयी बाळगली, तर मंडळाची पुढली पन्नास वर्षे सार्थकी लागतील. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.