राबणाऱ्यालाही साखर होते
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज विषय साखरेचा आहे. कारखान्यातल्या नव्हे, रक्तातल्या. "साखर हा बसून खाणाऱ्या शेठजींचा रोग, आम्हा राबणाऱ्यांना काय होतंय?" असं गावोगाव ऐकायला मिळतं. हा समज आपल्याला महागात पडतो आहे.

आधी रोग समजून घेऊ. खाल्लेल्या भाकरीची पोटात साखर होते आणि रक्तात उतरते. तिथून ती अंगाला पोचवण्याचं काम इन्शुलिन करतं. कालव्याला पाणी आहे, पण चारीचं दार उघडत नाही. शेत कोरडं आणि कालवा फुटायला आलेला. टाइप दोनचा मधुमेह म्हणजे असंच. तुंबलेली ही साखर डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा खाते.

मग काटक माणसाला तो का व्हावा? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. लेकरं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतच. इंग्लंडची साडेतीन किलोची. पण आपल्या लेकरांत मांस कमी होतं, चरबी मात्र तितकी कमी नव्हती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिकांनी आपली आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. चरबी मात्र इंग्रजाची ९ टक्के, याज्ञिकांची २१! दिसायला बारीक, आतून चरबी. आईच्या पोटात उपासमार झालेलं शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. पुढे ताट भरलं की ते त्याला झेपत नाही. १९७२ च्या दुष्काळात जे आईच्या पोटात होते, ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांनी तपासणी टाळू नये.

आपली मेहनतही हंगामी आहे. कापूस वेचून झाला, ज्वारी काढली, की कोरडवाहूवाला मृगापर्यंत पारावर. खाणं तेच, चहा मात्र वाढलेला. ज्वारी पांढऱ्या भातापेक्षा चांगली, पण ती औषध नव्हे. चार भाकरी आणि ठेचा, म्हणजे नुसतं पिठूळच. दोन भाकरी कमी करा. मटकी, हुलगे, वरण, पालेभाजी वाढवा. चहातली साखर कमी करा. उन्हाळ्यात रोज अर्धा तास झपाझप चाला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली दाखवून दिलं, की साखर काठावर असलेल्यांनी खाणं सुधारलं आणि चालणं वाढवलं, तर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका चौथाईहून जास्त घटतो. तोही औषधाविना.

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, असं मी तुम्हाला सांगतो. मग रक्त न तपासता कसं चालेल? तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर; १२६ किंवा जास्त, आणि दुसऱ्यांदाही तेवढीच, तर मधुमेह. घरात कोणाला असेल, बाळंतपणाआधी साखर वाढली असेल, किंवा कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर आधी जा.

ज्यांना आहे त्यांनी पळाटीच्या रानात अनवाणी जाऊ नये, रोज तळपाय पाहावेत. बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही. ऊसतोडीला जाताना गोळ्या बरोबर न्या, मनाने बंद करू नका.

आणि सगळ्यात मोठं काम घरातलं आहे. पोरीबाळींना आणि गरोदर सुनेला आधी वाढा, शेवटी उरलंसुरलं नको. पुढच्या पिढीची साखर तिथंच अडवायची आहे.