परदेशी मोटार, घरचा मिस्त्री

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी संतवाङ्मयावर, शिवचरित्रावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे, असा आपला शिरस्ता आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'मोटारगाडी' असे उत्तर दिले आणि ते काही क्षण गप्पच झाले. मी साधा बी.ए., तोही इतिहास विषय घेऊन झालेला. उभी नोकरी केंद्र सरकारच्या फाइलींत गेली. यंत्रशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु एका कंपनीचा इतिहास आणि तिच्या गाडीविषयी मालकांचे मत, एवढे तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगायला हरकत नसावी.

आत येताना मी सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे सहज नजर टाकली. त्यांत कोरियन गाड्या बऱ्याच दिसल्या. आपण मराठी माणसे लखनौत परकी, या गाड्या तर समुद्रापलीकडच्या. तरीही दोघांनी येथे बस्तान बसवले आहे. ते कसे बसले, हाच आजच्या बोलण्याचा विषय.

ह्युंदाई या शब्दाचा कोरियन भाषेत अर्थ 'आधुनिक' असा आहे. कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग हे १९१५ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मले. त्यांचे गाव आज उत्तर कोरियात आहे. दारिद्र्याला कंटाळून त्यांनी घरातून अनेकदा पळ काढला, आणि एकदा तर वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊनच ते सोलकडे निघाले. तेथे तांदळाच्या दुकानात पोती पोहोचविण्याचे काम त्यांनी केले आणि पुढे ते दुकानच चालवायला घेतले. १९४० मध्ये त्यांनी मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला. तो आगीत भस्मसात झाला, तेव्हा पुन्हा कर्ज काढून त्यांनी तो उभा केला. पुढे बांधकाम, मग जहाजे, असा व्याप वाढत गेला. मोटार कंपनी स्थापन झाली ती १९६७ च्या डिसेंबरात. या माणसाने मोटार बनविण्याच्या आधी पाव शतक मोटारी दुरुस्त केल्या होत्या, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आरंभी ह्युंदाई फोर्ड कंपनीच्या गाड्यांची केवळ जुळणी करीत असे. स्वतःची म्हणावी अशी 'पोनी' ही पहिली गाडी १९७५ अखेर तयार होऊ लागली. तिचा आराखडा इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांचा, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे आणि देखरेखीला ब्रिटिश मोटारउद्योगातून आलेले जॉर्ज टर्नबुल. 'उसनवारीचा संसार' म्हणून कुणी हसेल, परंतु उसने आणलेले पचवणे हीसुद्धा एक विद्या आहे.

१९८६ साली ह्युंदाईने अमेरिकेत 'एक्सेल' नावाची स्वस्त गाडी नेली आणि पहिल्याच वर्षी १,६८,००० हून अधिक गाड्या खपल्या. पण थोड्याच दिवसांत त्या कुरकुरू लागल्या, मालक वैतागले, आणि दूरदर्शनवरच्या विनोदी कार्यक्रमांत ह्युंदाईच्या नावाची टिंगल होऊ लागली. मालकाचे मत हे असे असते. ते विक्रीच्या दिवशी बनत नाही, दोनतीन वर्षांनी दुरुस्तीच्या दुकानात बनते. कंपनीने त्यावर पुढे जो उपाय केला तो शहाणपणाचा होता. १९९९ च्या सुमारास तिने अमेरिकेत इंजिन व गिअर यांना १० वर्षांची किंवा १,००,००० मैलांची हमी दिली. ज्या ठिकाणी अब्रू गेली होती त्याच ठिकाणी ती परत मिळविण्याचा हा प्रयत्न होता. २०२२ साली हा उद्योगसमूह विक्रीत जगात तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला, त्याच्या मुळाशी हा धडा आहे असे मला वाटते.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९९८ हे वर्ष मोठे नवलाचे होते. त्या वर्षी जून आणि ऑक्टोबर अशा दोन खेपांत वृद्ध चुंग यांनी १,००१ गुरे बंद सीमेपलीकडे उत्तर कोरियाला नेऊन दिली; बापाच्या एका गाईचे ते ऋण होते. या दोन खेपांच्या मध्ये, २३ सप्टेंबर रोजी, मद्रासजवळच्या श्रीपेरुम्बुदूर भागातील कारखान्यातून आलेली 'सँट्रो' भारतात विक्रीस निघाली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका कोरियन कंपनीची, देवूची 'मॅटिझ' बाजारात आली. ती बनत होती आपल्याच उत्तर प्रदेशात, सूरजपूरला. विशेष म्हणजे मॅटिझचा आराखडाही जुजारो यांच्याच संस्थेचा. एकाच देशातून आलेल्या आणि एकाच वयाच्या या दोन गाड्या. पण त्यांचे दैव निराळे निघाले.

मालकांची मते तेव्हा मी हौसेने ऐकत असे. सँट्रोला पहिल्या दिवसांत लोक हसले. उंच कपाळ, आखूड अंग. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने तिला 'चाकांवरचे कपाट' असे नाव दिले होते. परंतु बसून पाहिल्यावर मत बदलत असे. उंच छतामुळे वृद्धांना वाकावे लागत नसे, साडी नेसलेल्या बायकांना चढउतार सोपी पडे, आणि सरदारजींच्या पगडीलाही धक्का लागत नसे. मॅटिझचे मालक मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या प्रेमात होते. आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांकडे ती होती. गणपतीची मूर्ती आणायला दरवर्षी तीच गाडी जाई, आणि तिचे गोल दिवे पाहून मुले तिला 'बेडकी' म्हणत. दोन्ही गाड्या समोर ठेवल्या असत्या तर रूपाने मॅटिझच जिंकली असती.

पण तिच्या मागचे घर डळमळीत होते. १९६७ मध्येच किम वू-चुंग यांनी देवू समूहाची स्थापना केली होती. पोलंड, रुमानिया, उझबेकिस्तान, भारत असे एकामागून एक देश त्यांनी कर्ज काढून जोडले. १९९७ चे आशियाई आर्थिक संकट आले आणि १९९९ मध्ये हा डोलारा अब्जावधी डॉलरांच्या कर्जाखाली कोसळला. किम देश सोडून गेले आणि २००० मध्ये मोटार कंपनी दिवाळखोर ठरली. २००२ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तिचे निवडक कारखाने घेतले, परंतु त्यांत सूरजपूर नव्हते. जी गाडी मालकांना प्रिय होती ती अशी अनाथ झाली. ती वाईट होती असे कुणीही म्हणाले नाही; उद्या तिचा सुटा भाग कोण देणार, एवढेच लोक विचारू लागले.

बंधुभगिनींनो, हाच प्रश्न मलाही पडला होता. २००४ मध्ये कार्यालयाकडून मोटारीसाठी अग्रिम मंजूर झाला. जुनी मॅटिझ अगदी स्वस्तात मिळत होती आणि तिच्यावर माझे मन बसले होते. नागपूरला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यभर सायकलच चालवली. ते म्हणाले, "अरे, गाडी कशी धावते ते मला सांगू नकोस. बिघडली की कोण येतो, ते सांग. मुलगी देताना आपण नुसता मुलगा पाहतो का? घर पाहतो." मी लालबागेत जाऊन दोनतीन मिस्त्र्यांना विचारले आणि सँट्रो घेतली.

अण्णांच्या बोलण्याचा खरा अर्थ मला सात वर्षांनी कळला. २०११ च्या ऑगस्टमध्ये नागपूरहून निरोप आला, की अण्णांना अर्धांगाचा झटका आला आहे. गाडीचे आरक्षण मिळेना. संध्याकाळी सहाला मी आणि सौ. त्याच सँट्रोने निघालो. कानपूर, झाशी, ललितपूर मागे पडले. पहाटे तीनच्या सुमारास, सागरच्या अलीकडे, समोर लाल दिवा लागला; अल्टरनेटरचा पट्टा तुटला होता. दोष गाडीचा नव्हता. 'पट्टा बदलून घ्या' असे लखनौच्या मिस्त्रीने दोन महिने आधी बजावले होते आणि फाइलीप्रमाणे तोही विषय मी पुढे ढकलला होता.

गाडी कशीबशी एका ढाब्यापर्यंत नेली. शेजारी ताडपत्रीचे छप्पर घातलेले दुरुस्तीचे दुकान होते आणि बाहेर खाटेवर एक पोरगेलासा मिस्त्री झोपला होता. मी त्याला उठवले. त्याने डोळे चोळत विचारले, "सँट्रो का है न? टँगा है, बाबूजी." आणि खरोखरच भिंतीवरच्या खिळ्याला सँट्रोचा पट्टा टांगलेला होता. पाऊण तासात आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. दुपारी नागपूरला पोहोचलो तेव्हा अण्णा शुद्धीवर होते. बोलणे जड झाले होते, पण त्यांनी मला ओळखले. रात्री मी त्यांना त्या खिळ्याची हकीकत सांगितली. ते डोळ्यांनी हसले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्या रात्रीपासून माझे असे मत झाले आहे, की कारखाना कितीही मोठा असो, कंपनी खरी वस्तीला आली ती त्या खिळ्यावर. तेथवर पोहोचायला नुसती जाहिरात पुरत नाही. त्यासाठी सुट्या भागांचे पुरवठादार जवळ आणून वसवावे लागतात, गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हाताला ती गाडी सवयीची व्हावी लागते आणि वर्षानुवर्षे टिकून राहावे लागते. दुरुस्तीच्या कारखान्यातून वर आलेल्या संस्थापकाच्या कंपनीला हे उमगले असल्यास नवल नाही.

याचा अर्थ ह्युंदाईचे सारेच गोड आहे असा नव्हे. 'पत्रा हलका' ही मालकांची जुनी तक्रार. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या लहान गाड्यांची टक्कर-चाचणी जाहीर केली, तेव्हा ह्युंदाईच्या आय-टेनला एकही तारा मिळाला नाही. त्या यादीत इतर कंपन्यांच्या गाड्याही होत्या, हे खरे. पण आपल्या लेकरांना आपण कशात बसवतो आहोत, याची जाणीव तेव्हा प्रथमच अनेकांना झाली. पुढे २०२३ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत ह्युंदाईच्या व्हर्नाला पाच तारे मिळाले. मालकांनी बोलत राहिले पाहिजे, हा त्यातला बोध. ग्राहक गप्प बसला तर कंपनीही शिकणे थांबवते.

या दोन गाड्यांच्या कथेचा शेवट आपल्या महाराष्ट्रात झाला, तोही सांगतो. देवू विकत घेतलेल्या जनरल मोटर्सने २००८ मध्ये पुण्याजवळ मावळात, तळेगावला कारखाना काढला. तेथे 'स्पार्क' नावाची जी गाडी बनू लागली ती मूळच्या मॅटिझचीच पुढची पिढी. सूरजपूरची बेडकी नाव बदलून मावळात अवतरली होती! पण २०१७ अखेर जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये कारखानाही थंडावला. शेकडो कामगारांच्या घरची चूल चिंतेत पडली. अखेर २०२३ मध्ये करार होऊन जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना घेतला कोणी, तर ह्युंदाईने. ऑक्टोबर २०२५ पासून तेथून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९९८ चे दोन प्रतिस्पर्धी. एकाचा वारसा ज्या अंगणात लोपला तेथेच दुसऱ्याने आपले बिऱ्हाड मांडले.

माझी सँट्रो अजून आहे. १५ वर्षे झाल्यावर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले, पाच वर्षांनी पुन्हा केले. आमच्या कार्यालयातील १५ वर्षांवरील सरकारी गाड्या २०२३ पासून नियमाने मोडीत निघाल्या, त्यामुळे सहकारी मला चेष्टेने विचारतात, "साहेब, तुमचा नंबर कधी?" तोही फार दूर नाही. निवृत्ती जवळ आली आहे. मुले पुण्याला आहेत. नागपूरला अण्णांचे घर आहे. मग लखनौत राहायचे कशासाठी, असा प्रश्न आमच्या घरात वर्षभर चालू होता.

या प्रश्नालाही मी अण्णांचीच कसोटी लावली. बिघडले की कोण येतो? २०२१ च्या एप्रिलात आम्ही दोघेही तापाने पडलो होतो. शहरावर काय अवकळा आली होती ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवसांत याच मंडळातल्या घरांतून सलग तेरा दिवस आमच्या दाराबाहेर डबा येत होता. कोणी आणला हे कधी कळलेही नाही, फक्त दाराची कडी वाजायची. आणि लालबागेतले आमचे मिस्त्री, जे मराठी नाहीत आणि मंडळाचे सभासदही नाहीत, ते औषधे पोहोचवून जात असत. परमुलखात माणूस रुजतो तो असा. मुलांना आम्ही नुकतेच कळवले आहे, की निवृत्तीनंतर आमचा मुक्काम येथेच राहील.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांनी जणू भिंतीवर एक खिळा ठोकला आणि त्याला अडल्यानडल्यासाठी काही टांगून ठेवले. आम्हाला ते वेळेला मिळाले. पुढे अपरात्री येणाऱ्या कुणालाही तो खिळा रिकामा दिसू नये, एवढी जबाबदारी आपल्यावर आहे. मोटारीवर बोलता बोलता गाडी भलतीकडे वळली असेल तर क्षमा असावी.