व्याजाला व्याज
(बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



माझी आई निरक्षर होती, पण बाजारात दहा पैशांचा फरक तिच्या लक्षात यायचा. तरीही सावकाराच्या कागदात ती फसली. कशी, ते आज सांगते.

वडिलांच्या आजारपणासाठी तिनं १,००० रुपये काढले. दर ‘शेकडा पाच’. ऐकायला पाचच, पण दरमहा. म्हणजे वर्षाला शंभराला साठ. सरळव्याज फक्त मूळ मुद्दलावर लागतं. तसं असतं तर वर्षाला ६०० रुपये, आणि तीन वर्षांनी एकूण देणं २,८०० झालं असतं.

पण वर्ष संपलं, हातात पैसे नव्हते. सावकार म्हणाला, “असू द्या बाई, कागद बदलून घेऊ.” नवा कागद १,६०० चा. थकलेलं व्याज मुद्दलात गेलं. दुसऱ्या वर्षी व्याज ९६०, कागद २,५६० चा. तिसऱ्या वर्षी व्याज १,५३६, देणं ४,०९६! दर तोच. नवा एक रुपया हातात आला नाही, तरी देणं १,२९६ रुपयांनी जास्त. हेच चक्रवाढ व्याज. आईच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि वर घरातले म्हणाले, “बायकांना व्यवहार कळत नाही.”

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त एका वेळी वसूल करायचं नाही. पण नवा कागद झाला की व्याजच मुद्दल ठरे आणि ती मर्यादाही पुढे सरके. म्हणून कागद बदलण्यात एवढा गोडवा!

आज २०१४ च्या कायद्यानं महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तरी कर्ज कुणाचंही असो, सही-अंगठ्याआधी विचारा: दर महिन्याचा की वर्षाचा? थकलेलं व्याज मुद्दलात धरणार का? नव्या कागदात मुद्दल किती, व्याज किती, ते वेगळं लिहून घ्या. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा.

आणि चक्रवाढ आपल्याही कामाला येते. बँकेत मुदत ठेव ठेवली, मधे व्याज काढलं नाही, तर व्याजावर व्याज आपल्याला मिळतं. मात्र ती ठेव आपल्या स्वतःच्या नावावर हवी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या कर्जाचा कागद आणावा. सगळ्या मिळून वाचू. लाज आपण बाळगायची नाही. माझ्या आईनं ती उगाच बाळगली.