दंतसेतू बसविल्यानंतर : सोसावे किती, सांगावे केव्हा?

(रत्नागिरी येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या आरोग्यविषयक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण.)



आपल्या जिल्ह्यात साकव कोणाला ठाऊक नाही? वहाळावरून माणसे ये-जा करतात ती साकवावरून. परंतु त्याचा सारा भार पेलतात ते दोन्ही काठ. दंतवैद्य ज्याला ‘ब्रिज’ म्हणतात, तो दंतसेतूही असाच असतो. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात, त्यांवर टोप्या चढवितात आणि त्या टोप्यांना जोडलेला कृत्रिम दात मधली मोकळी जागा भरून काढतो. ही कल्पना फार जुनी आहे. इटलीतील इट्रुस्कन लोक सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कृत्रिम दात सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधीत असत.

मधला कृत्रिम दात कधीच दुखत नाही, कारण त्याला संवेदनाच नसते. दुखतात ते काठ, म्हणजे आधाराचे दात, हिरडी आणि जबडा. ही एक गोष्ट मला आधी कळली असती, तर माझे तीन आठवडे वाचले असते.

मी दंतवैद्य नव्हे. मुलाकडे मुंबईस गेलो असता मी खालच्या दाढेच्या जागी दंतसेतू बसवून घेतला आणि त्याच रात्रीच्या गाडीने रत्नागिरीस निघालो. बधिरता ओसरल्यावर दात मिटताच एका ठिकाणी कळ येऊ लागली. नवीन वस्तू आहे, रुळेल, अशी मी मनाची समजूत घातली. एवढ्यासाठी पुन्हा मुंबईस कोण जाणार? तीन आठवडे एकाच बाजूने जेवलो. कोणीतरी सांगितले म्हणून ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरली, तर हिरडी पोळून पांढरी पडली. अखेरीस येथील एका दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी रंगीत कागद दातांत धरावयास सांगितला, उंच राहिलेला बिंदू शोधला आणि तो किंचित घासला. चावतानाची कळ दहा मिनिटांत गेली. एका आधाराच्या दाताचा रात्रीचा ठणका मात्र राहिला आणि पुढे त्या दाताला रूट कॅनालचा उपचार करावा लागला. लवकर गेलो असतो तर तो टळला असता की नाही, हे सांगता येत नाही. परंतु बधिर तोंडाला आपला चावा नीट कळत नाही. म्हणून बधिरता गेल्यावर दात नीट मिटतात की नाही, हे प्रत्येकाने पाहावे आणि उंचवटा जाणवल्यास दोन-चार दिवसांत दाखवावे, एवढे मी अनुभवाने सांगतो.

आता सोसावयाचे काय, ते पाहू. दात घासल्यामुळे त्याचे कठीण आवरण कमी होते. त्यामुळे थंड-गरम पदार्थांनी क्षणभर झिणझिण्या येणे स्वाभाविक आहे. काही दिवस, क्वचित काही आठवडे हा त्रास राहतो. पण तो दिवसेंदिवस कमी व्हावयास हवा. हिरडीची हुळहुळ आणि तोंड बराच वेळ उघडे ठेवल्याने आलेला जबड्याचा ताठरपणा बहुधा काही दिवसांत जातो.

बधिरता असेपर्यंत काहीही चावू नये. गाल वा जीभ चावली गेली तरी त्या वेळी कळत नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. पॅरासिटामॉल घ्यावयाचे असल्यास निरोगी प्रौढाने २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये. यकृत, मूत्रपिंड वा पोटाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. लवंगेचे निव्वळ तेल हिरडीवर चोळू नये, तेही पोळते.

आहारासाठी आपल्या कोकणाला बाहेर पाहावयास नको. पेज, मऊ भात व मेतकूट, कुळथाचे पिठले हे पहिल्या दिवसांसाठी उत्तम. मात्र ते कोमट असावे. आंबापोळी, फणसपोळी आणि सुपारी यांना रजा द्यावी. तात्पुरता सेतू असेल तर चिकट पोळी तो सहज उपटून काढते. सेतू निघाला तर घरातल्या गोंदाने चिकटवू नये. तो जपून ठेवून दंतवैद्यांकडे न्यावा.

आणि सोसू नये ते काय? रात्री झोपमोड करणारा ठणका, गरम घोटानंतर बराच वेळ टिकणारी कळ, दिवसेंदिवस वाढणारी वेदना, हलणारा सेतू. अशा वेळी वाट न पाहता दाखवावे. सूज, ताप किंवा पू असल्यास त्याच दिवशी जावे. सुजेमुळे गिळणे वा श्वास घेणे कठीण झाले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दुखणे थांबले तरी काठांची राखण संपत नाही. कृत्रिम दाताखाली अडकलेले अन्न साध्या ब्रशाने निघत नाही. त्यासाठी बारीक ब्रश अथवा दोरा सेतूखालून कसा फिरवावा, ते दंतवैद्यांकडून शिकून घ्यावे. मिशरी सोडावी. तिच्यात तंबाखू असते आणि ती हिरड्यांचे व तोंडाचे नुकसान करते.

शिक्षक व पंचायत सदस्यांना एक विनंती. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे. परंतु शासकीय दंतविभागाच्या दारापर्यंत माणसाला आणणे आपल्याच हाती आहे. बाहेरगावी उपचार घेणाऱ्यास सांगा की, परतीचे तिकीट सेतू बसविल्याच्या दिवसाचे काढू नका. दोन-चार दिवस थांबा आणि एकदा पुन्हा दाखवूनच निघा. ते शक्य नसेल, तर उपचाराचा कागद बरोबर आणा आणि येथील दंतवैद्यांना दाखवा.

पावसाळ्यानंतर साकवावर पाऊल ठेवण्यापूर्वी आपण त्याचे काठ पाहतो. तेवढेच लक्ष स्वतःच्या तोंडाकडे द्यावे, इतकेच माझे सांगणे.